एका काट्याचा ऊस : नगर जिल्ह्यातील झोनबंदी आणि मक्तेदारीचा कायदा

झोनबंदी म्हणजे ठरवून दिलेल्या गावांतला ऊस ठरवून दिलेल्या कारखान्यालाच घालण्याची सक्ती. शेत शेतकऱ्याचे, पीक त्याचे, कर्जही त्याच्याच नावावर. पण गिऱ्हाईक कोण हे सरकारी आदेशाने ठरलेले. साखर कारखानदारीचे माहेर समजल्या जाणाऱ्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ही व्यवस्था अनेक वर्षे चालली. ती उठल्यावरही दोन कारखान्यांमधल्या हवाई अंतराच्या अटीतून तिचा काही भाग मागे राहिला. बाजारात एखाद्याचे वर्चस्व कसे तयार होते आणि कायदा त्याला कुठे आवर घालतो, कुठे स्वतःच आधार देतो, हे समजून घेण्यासाठी या जिल्ह्याइतके चांगले उदाहरण राज्यात क्वचितच सापडेल.

जिल्ह्यातला ऊस पाटपाण्याबरोबर आला. दारणा धरण १९१६ मध्ये पुरे झाले आणि नांदूर मधमेश्वरहून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांचे पाणी कोपरगाव भागात खेळू लागले. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. हे कालवे दुष्काळाला उतारा म्हणून खोदलेले होते, पण चांगल्या पावसाच्या वर्षी पाण्याला मागणी नसे आणि कालव्यावरचा खर्च वसूल होत नसे. पाण्याचे खात्रीचे गिऱ्हाईक सरकारला हवे होते. साखर कंपन्यांच्या रूपाने ते मिळाले. बेलापूर कंपनीने हरेगावला कारखाना उभारला. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसल्यावर या धंद्याला आणखी जोर आला. टिळकनगर, पुणतांब्याजवळचा चांगदेव, साकरवाडी, लक्ष्मीवाडी असे कारखाने गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर उभे राहिले.

या कंपन्या शेतकऱ्यांकडून ऊस विकत घेण्यावर फारशा अवलंबून नव्हत्या. त्यांनी आसपासच्या गावांतल्या जमिनी लांब मुदतीने खंडाने घेतल्या आणि हजारो एकरांचे मळे स्वतः पिकवले. जमीन दिलेला शेतकरी खंडकरी झाला. अनेकांना स्वतःच्याच जमिनीवर रोजंदारीने कामाला जावे लागले. ज्यांनी जमीन राखली त्यांचा ऊस गुऱ्हाळात जाई, गूळ अडत्याकडे जाई आणि भाव पडला की सावकाराचे देणे अंगावर येई. १९३० च्या मंदीने या बागायतदारांचे कंबरडे मोडले. जिल्ह्यातल्या मक्तेदारीचे हे पहिले रूप जमीन आणि पाणी यांवरच्या ताब्याचे होते, आणि उसाच्या बाजारावरचा ताबा त्यातूनच आला.

या मक्तेदारीला आव्हान मिळाले ते बागायतदारांकडूनच. १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा हा विचार तिथे पुढे आला आणि लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी तो अंगावर घेतला. गावोगाव हिंडून त्यांनी भागभांडवल जमवले. मुंबई सरकारात वैकुंठभाई मेहता अर्थ आणि सहकार ही खाती सांभाळत होते, त्यांचे पाठबळ मिळाले. डिसेंबर १९४८ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या प्रवरा कारखान्याची चाके फिरली. तेव्हाची गाळप क्षमता दिवसाला ५०० टनांची होती. गाडगीळ सुरुवातीची सुमारे १० वर्षे संस्थेचे अध्यक्ष राहिले.

प्रवरेची कल्पना अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार खोल होती. शंभर विकणारे आणि एकच विकत घेणारा अशी अवस्था झाली की भाव घेणारा ठरवतो. त्यावर दोन उपाय असतात. घेणारे वाढवायचे, नाहीतर विकणाऱ्यांनीच घेणाऱ्याची मालकी घ्यायची. प्रवरेने दुसरा मार्ग निवडला. कारखान्याने भाव कमी दिला तर उरलेला नफा सभासदाचाच, मग त्याला लुटणार कोण? पहिल्या पिढीत हा हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरला, हे मान्य केलेच पाहिजे. कोपरगावात शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे, संगमनेरात भाऊसाहेब थोरात यांच्यासारखे नेतृत्व उभे राहिले. राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, श्रीगोंदे, अकोले अशा बहुतेक तालुक्यांत सहकारी कारखाना झाला. कारखान्यामागून शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि उपसा सिंचन योजना आल्या.

खासगी कंपन्यांचा काळ मात्र संपत आला. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने त्यांचे मळे सरकारकडे गेले आणि ते कसण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. खंडकऱ्यांना जमिनी परत मिळण्यासाठी पुढे कित्येक दशके झगडावे लागले. स्वतःचा ऊस गेल्यावर खासगी कारखान्यांचा पायाच खचला.

एका कारखान्याचे वर्चस्व उसात इतक्या सहज का तयार होते, याचे उत्तर पिकाच्या स्वभावात आहे. ज्वारी पोत्यात भरून ठेवता येते. कांदा चाळीत राहतो आणि कापूस दूरच्या बाजारात नेता येतो. ऊस तोडला की लगेच सुकू लागतो. वजन घटते, साखरेचा उतारा पडतो, म्हणून एका दिवसाच्या आत तो काट्यावर गेलेला बरा. टनामागे मिळणारी साखर दहा-अकरा टक्के. बाकीचे पाणी आणि चोथा वाहून नेण्याचा खर्च अंतराबरोबर वाढत जातो. त्यामुळे शेतकऱ्याचा बाजार म्हणजे त्याच्या बांधापासून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर परवडेल तेवढाच मुलूख. त्या मुलखात एकच कारखाना असेल तर कायद्याची गरज नसतानाही तो वरचढ असतो.

कायद्याने या नैसर्गिक स्थितीवर शिक्का मारला. केंद्र सरकारने जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली १९६६ मध्ये ऊस नियंत्रण आदेश काढला. त्यात उसाचा किमान दर ठरवण्याचा अधिकार होता, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन होते आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद होती. शेतकऱ्याच्या बाजूने या आदेशाने बरेच काही दिले. त्याच आदेशाच्या सहाव्या कलमाने कारखान्यासाठी क्षेत्र राखून ठेवण्याचा आणि उसाची ने-आण नियंत्रित करण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. महाराष्ट्राने १९८४ मध्ये क्षेत्र आरक्षण, गाळप आणि ऊसपुरवठा यांसाठी स्वतंत्र आदेश काढून झोनची चौकट पक्की केली.

कागदावरचा हा आदेश गावात कसा दिसे ते पाहिले पाहिजे. लागवड झाली की उसाची नोंद कारखान्याच्या गट ऑफिसात होई. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा प्रकार आणि लागणीची तारीख लिहिली जाई. तोडीचा क्रम त्या नोंदीवरून लागे. कारखान्याचा चिटबॉय तोडीची चिठ्ठी घेऊन आला की तोडणी टोळी फडात शिरणार, त्याआधी नाही. तोडणी आणि वाहतूक कारखानाच करी आणि तो खर्च भावाचा हिशेब होतानाच वळता होई. म्हणजे ऊस कधी तुटणार, कोणत्या काट्यावर मोजला जाणार, उतारा किती धरणार, पैसे केव्हा मिळणार, या सगळ्या गोष्टी एकाच संस्थेच्या हातात. तोड लांबली की उसाला तुरा येई, आतून पोकळ पडे आणि नुकसान शेतकऱ्याचे होई. निवडणुकीत विरोधात गेलेल्याचा ऊस मागे राहतो ही तक्रार उसाच्या पट्ट्यात नेहमीची होती. शेजारच्या कारखान्याने टनाला जास्त उचल, म्हणजे भावाचा आगाऊ हप्ता, जाहीर केली तरी झोनबाहेर ऊस नेणे बेकायदा ठरे आणि वाटेत गाड्या अडवल्या जात.

झोनच्या बाजूचे म्हणणेही वजनदार होते. कारखाना उभारायला सहकारात लोकांचे भांडवल आणि सरकारी हमीचे कर्ज लागते. ऊस मिळेल याची शाश्वती नसेल तर ते कर्ज कोण देणार? उसाची टंचाई असलेल्या वर्षी पळवापळवी सुरू झाली तर टोळ्या लांब पाठवाव्या लागतात, वाहतुकीचा खर्च वाढतो आणि तो खर्च सगळ्या सभासदांवर सारखा वाटला जात असल्याने जवळच्या शेतकऱ्याला लांबच्या उसाचा भार सोसावा लागतो. ऊस जादा झालेल्या वर्षी तर झोन शेतकऱ्याचेच संरक्षण करी, कारण राखीव क्षेत्रातला सगळा ऊस गाळणे हे कारखान्याचेही कर्तव्य समजले जाई. बंधन दोघांवर होते. फक्त कारखान्याने आपले बंधन पाळले नाही तर शेतकऱ्याच्या हाती तातडीचा उपाय नव्हता. खरी विषमता इथे होती.

न्यायालयांनी अशा आरक्षणाला फार पूर्वीच मान्यता दिलेली होती. उत्तर प्रदेशातल्या ऊसपुरवठा कायद्याला तिथल्या शेतकऱ्यांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या टिका रामजी खटल्यात फेटाळले. मक्तेदारीविरोधी कायद्याचा रस्ताही बंद होता. मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा १९६९ मध्ये झाला, पण त्याच्या तिसऱ्या कलमाने सरकारी उपक्रमांबरोबर सहकारी संस्थांच्या मालकीचे उपक्रमही वगळले होते. मक्तेदारी म्हणजे बड्या खासगी उद्योगघराण्यांची, ही त्या काळची समजूत. सहकारी संस्था ही दुबळ्यांची संघटना. ती कुणाचे शोषण करील हे कायदा करणाऱ्यांच्या मनात आले नाही. ही सूट १९९१ मध्ये काढून घेण्यात आली. तोवर जिल्ह्यातल्या सहकारी कारखान्यांना मक्तेदारीच्या कायद्यासमोर उभे राहण्याचे कारणच नव्हते.

झोनला पहिला मोठा धक्का दिला तो रस्त्यावरच्या चळवळीने. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात कांदा आणि ऊस यांच्या भावासाठी रेल रोको, रास्ता रोको केले. उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी तेव्हाची. पुढे या संघटनेने झोनबंदी हा शेतकऱ्याच्या व्यापारस्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून लावून धरला. सहकाराच्या नगरी परंपरेपेक्षा ही मांडणी मुळातूनच वेगळी होती. विखे आणि गाडगीळ यांनी शेतकऱ्याला कारखान्याचा मालक करून उत्तर शोधले. जोशींनी शेतकऱ्याला कारखाना सोडून जाण्याची मोकळीक मागितली. या दोन उत्तरांना एकमेकांची गरज आहे. सोडून जाता येत नसेल तर मालकी नावापुरती उरते, आणि मालकीच नसेल तर एक व्यापारी सोडून दुसऱ्याच्या दारात जाण्यापलीकडे काही साधत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यातली झोनबंदी उठली. ऑगस्ट १९९८ मध्ये केंद्राने साखर उद्योगाची परवाना पद्धतही संपवली. नगर जिल्ह्यात याचा परिणाम लवकर जाणवला. कारखान्यांची वाहने दुसऱ्याच्या कार्यक्षेत्रात जाऊ लागली. अशा बाहेरून आणलेल्या उसाला गेटकेन म्हणतात, आणि गेटकेनला किती उचल द्यायची यावरून सभासदांच्या सभा तापू लागल्या, कारण कधीकधी बाहेरच्या शेतकऱ्याला सभासदापेक्षा चांगला भाव मिळे. खासगी कारखानेही परत आले. शेवगाव तालुक्यात गंगामाई आणि कर्जत तालुक्यात अंबालिका हे कारखाने त्यातले. आजारी पडलेल्या काही सहकारी कारखान्यांची विक्री झाली. जिल्ह्यात आज सहकारी आणि खासगी मिळून सुमारे वीस कारखाने गाळप करतात.

मात्र परवाना गेला तरी अंतर राहिले. १९९८ च्या निर्णयातच दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतराची अट कायम ठेवलेली होती. नोव्हेंबर २००६ मध्ये ती ऊस नियंत्रण आदेशातच घालण्यात आली. नवा कारखाना काढणाऱ्याने भारतीय सर्वेक्षण विभागाचा अंतराचा दाखला आणायचा, एक कोटी रुपयांची बँक हमी द्यायची, दोन वर्षांत ठोस पावले उचलायची आणि चार वर्षांत उत्पादन सुरू करायचे. अंतर मोजायचे ते सरळ रेषेत, म्हणून लोकांच्या तोंडी ते हवाई अंतर झाले. राज्यांना हे अंतर वाढवण्याची मुभा होती. महाराष्ट्राने डिसेंबर २०११ मध्ये ते २५ किलोमीटर केले. अंतराच्या या तत्त्वाला सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ओजस इंडस्ट्रीजच्या खटल्यात मान्यता दिली होती.

झोनने शेतकऱ्याला बांधले होते, अंतराची अट नव्या गिऱ्हाइकाला दाराबाहेर ठेवते. शेतकरी हवा तिकडे ऊस नेऊ शकतो, पण परवडेल एवढ्या अंतरावर दुसरा काटा उभाच राहू शकत नाही. रांजणगाव देवी किंवा बोधेगावसारख्या गावातल्या शेतकऱ्याला कागदावरच्या स्वातंत्र्याचा उपयोग त्याच्या शेतापासून दुसरा कारखाना किती दूर आहे यावर ठरतो.

दरम्यान मक्तेदारीचा कायदाच बदलला होता. जुन्या कायद्याच्या जागी स्पर्धा कायदा, २००२ आला आणि त्याची मुख्य कलमे मे २००९ पासून लागू झाली. हा कायदा मोठेपणाला गुन्हा मानत नाही. मोठेपणाचा गैरवापर करून खरेदीत किंवा विक्रीत अन्याय्य दर वा अटी लादणे हा गुन्हा. त्याच्या व्याख्येत सहकारी संस्था स्पष्टपणे येते. वर्चस्व आहे की नाही हे ठरवताना ते एखाद्या कायद्यामुळे मिळाले आहे का, हेही तपासावे असे १९ व्या कलमात लिहिलेले आहे. बाजाराची भौगोलिक हद्द आखताना वाहतुकीचा खर्च आणि सरकारी निर्बंध विचारात घ्यावेत असेही तेच कलम सांगते. ही तीन वाक्ये उसाच्या पट्ट्यात वाचली तर ती कारखान्याच्या कार्यक्षेत्रासाठीच लिहिली असावीत असे वाटते.

या कायद्याची ताकद देशाने पाहिली ती मोबाइल फोनच्या क्षेत्रात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी गुगलची सगळी अॅप आधीच बसवून द्यावीत या कराराच्या अटी आयोगाला वर्चस्वाचा गैरवापर वाटल्या, आणि अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये तो दंड कायम ठेवला. गुगलचे वर्चस्व तिच्या उत्पादनांच्या पसाऱ्यातून आणि करारांतून आले होते. कारखान्याचे वर्चस्व पिकाच्या नाशवंतपणातून आले आणि सरकारी आदेशाने घट्ट झाले. पहिल्याला करार बदलायला लावणे आयोगाच्या हाती आहे. दुसऱ्याच्या मुळाशी सरकारचीच अधिसूचना असल्याने ती बदलण्याचे काम सरकारवरच येते. उसाचे वाद म्हणूनच स्पर्धेच्या कायद्यापेक्षा एफआरपीच्या, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराच्या, थकबाकीवरून, अंतराच्या दाखल्यावरून आणि कारखान्याच्या निवडणुकीतून लढले गेले.

सरकारला हे कुणी सांगितले नाही असे नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने ऑक्टोबर २०१२ च्या अहवालात क्षेत्र आरक्षण आणि किमान अंतर दोन्ही टप्प्याटप्प्याने रद्द करावे असे सुचवले. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा, शेतकऱ्याला द्यावा हीही शिफारस होती. केंद्राने २०१३ मध्ये लेव्ही साखर, म्हणजे ठरलेल्या दराने सरकारला साखर देण्याची सक्ती, आणि साखर बाजारात सोडण्याची कोटा पद्धत बंद केली, म्हणजे कारखान्यांची बंधने सैल केली. शेतकऱ्यापुढचे पर्याय वाढवणारा भाग राज्यांच्या मर्जीवर सोपवला. महाराष्ट्राने उत्पन्न वाटपाचे सूत्र स्वीकारून २०१३ मध्ये ऊस दरासाठी कायदा आणि नियंत्रण मंडळ केले. अंतराची अट तशीच ठेवली. दराचे सूत्र चांगले असले तरी ते अमलात येण्यासाठी शेतकऱ्याला हिशेब मागता आला पाहिजे, आणि ज्याला दुसरे गिऱ्हाईक आहे त्यालाच हिशेब नीट मिळतो.

२०२१-२२ च्या हंगामात चित्र उलटे झाले. राज्यात विक्रमी ऊस उभा होता, कारखाने जूनपर्यंत चालले, आणि शेतकरी गिऱ्हाईक निवडण्याऐवजी तोड मिळावी म्हणून गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवू लागले. शेवटी ५० किलोमीटरपलीकडून आणलेल्या उसासाठी राज्याला वाहतूक अनुदान द्यावे लागले. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि सरकारी धोरण लगेच दुसऱ्या टोकाला गेले. १४ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याने परराज्यात ऊस नेण्यास बंदी घालणारी अधिसूचना काढली. तिची मुदत ३० एप्रिल २०२४ पर्यंत होती आणि आधार होता तोच १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. कारखान्यांच्या क्षेत्रांभोवतीचे झोनचे कुंपण या वेळी राज्याच्या सीमेवर घातले होते. शेतकरी संघटनांनी कडाडून विरोध केला आणि आठवडाभरातच, हंगाम सुरू होण्याआधी, सरकारने ती अधिसूचना मागे घेतली.